माण, जत, वाई आणि गूगल: सातारा-सांगलीकरांना हे सर्च कितपत कामाचं

इंग्रजीत ‘जत’ टाइप केलं की गूगल उत्तरेतल्या जाट समाजाची पानं पुढे करतं. ‘माण’ इंग्रजी अक्षरांत लिहिला की त्याचा सरळ ‘पुरुष’ होतो. ‘पाटण’ म्हटलं की गुजरातेतली राणी की वाव येते, ‘खानापूर’ म्हटलं की बेळगावकडचा तालुका येतो. ‘सातारा’ म्हटलं तरी अधूनमधून छत्रपती संभाजीनगरातला सातारा परिसर मध्ये घुसतो. गूगल सर्चबद्दल लिहायला इथूनच सुरुवात करावी लागते, कारण आपल्या दोन जिल्ह्यांत शोध फसतो तो बहुतेक वेळा गावाच्या नावापाशीच.

निकाल आधीच सांगून टाकतो. मराठीतून आणि मराठी मुलखाबद्दल काही शोधायचं असेल तर गूगलच्या तोडीचं दुसरं सर्च आमच्या मते आज नाही. पण ते जसं हाती येतं तसंच वापरलं तर त्याची निम्मीही ताकद कळत नाही. चौकटीत प्रश्न टाकून पहिल्या उत्तरावर बोट ठेवणाऱ्याला जाहिरात मिळते, शिळी बातमी मिळते, नाहीतर भलत्याच राज्याचा नियम मिळतो. थोडी पद्धत अंगवळणी पडली की तेच गूगल पाच मिनिटांत शासन निर्णयाचा मूळ कागद हातात देतं.

पद्धतीचं मूळ एका गोष्टीत आहे. आपण प्रश्न विचारल्यावर गूगल इंटरनेटभर धावायला सुरुवात करत नाही. पानं त्याने आधीच वाचून त्यांची सूची करून ठेवलेली असते, आणि आपले शब्द ते त्या सूचीशी जुळवतं. अलीकडे ते अर्थही बराच लावतं, तरी शेवटी पानावर जे लिहिलंय त्यातूनच ते निवड करणार. म्हणून आपल्या मनातल्या शब्दांपेक्षा उत्तर लिहिणाऱ्याने वापरलेले शब्द टाकायचे. उत्तर लिहिणारा मंत्रालयातला कारकून आहे, बाजार समितीचा कर्मचारी आहे, वार्ताहर आहे की शंभर वर्षांपूर्वीचा इंग्रज अंमलदार, हे आधी मनात ठरवायचं. पुढच्या बहुतेक युक्त्या यातूनच निघतात.

गावाचं नाव

तालुक्याचं नाव संदिग्ध असेल तर मुख्यालयाचं नाव जोडा. माण म्हणजे दहिवडी, जावळी म्हणजे मेढा, खटाव म्हणजे वडूज, खानापूर म्हणजे विटा. ‘माण दहिवडी’ असं दोन शब्दांत टाकलं की घोळ मिटतो. वाळव्याचं मुख्यालय इस्लामपूर, त्याचं नाव आता ईश्वरपूर झालं आहे. जुनी पानं एका नावाने आहेत, नवी दुसऱ्या. दोन्ही नावं टाकून मध्ये इंग्रजी ‘ऑर’ लिहा. तो मोठ्या अक्षरांतच हवा, लहान अक्षरांत लिहिला तर गूगल त्याला साधा शब्द समजतं. बंगालमध्येही एक इस्लामपूर आहे, म्हणून बरोबर ‘सांगली’ जोडायला विसरू नका.

याहून खात्रीची खूण म्हणजे पिनकोड. दुकान, दवाखाना, गॅरेज, शाळा, कुठल्याही पत्त्याच्या पानावर तो असतो आणि दुसऱ्या गावाशी त्याची गल्लत होत नाही. सातारा ४१५००१, कराड ४१५११०, पाटण ४१५२०६, फलटण ४१५५२३, वाई ४१२८०३, सांगली ४१६४१६, मिरज ४१६४१०. ‘पंप दुरुस्ती पाटण’ शोधण्यापेक्षा ‘पंप दुरुस्ती’ आणि पुढे सहा आकडे टाकले की गुजरात आपोआप गळतं. आकडे इंग्रजी टाइप करा, कारण पत्ते बहुधा तसेच छापलेले असतात. गाडीसंबंधी काही असेल तर आरटीओचा क्रमांक हीच खूण होते: साताऱ्याला एमएच ११, सांगलीला एमएच १०, कराडला एमएच ५०.

नको असलेलं काढायचं चिन्ह म्हणजे वजाबाकीची आडवी रेघ. ‘पाटण’ लिहून जागा सोडायची आणि मग रेघेला चिकटून ‘गुजरात’ लिहायचं. रेघ आणि शब्द यांत जागा राहिली की आज्ञा लागू होत नाही. ही चूक इतकी सर्रास होते की ‘हे चिन्ह चालतच नाही’ असं अनेकांना वाटतं.

एक तपासणी एकदाच करून ठेवा. निकालांच्या पानाच्या अगदी तळाशी गूगलने तुमचं ठिकाण कोणतं धरलंय ते दिसतं. ब्रॉडबँडवर हा अंदाज आयपी पत्त्यावरून बांधला जातो, त्यामुळे सांगलीत बसून तिथे पुणे किंवा मुंबई दिसू शकतं. मग ‘जवळचं’ म्हणून जे काही येईल ते तिथलं येणार. तिथूनच ठिकाण अद्ययावत करता येतं.

आज्ञा आणि त्या टाइप करण्याची रीत

खालच्या आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. चौकटीत मात्र त्या इंग्रजी लहान अक्षरांत, लगेच चिकटून दोन टिंबांचा कोलन, आणि कोलनला चिकटून पुढचा मजकूर अशा टाइप करायच्या. कोलननंतर जागा सोडली की आज्ञा मोडते.

‘साइट:’ ही सगळ्यांत कामाची. तिच्यापुढे संकेतस्थळाचा पत्ता टाकला की निकाल तेवढ्याच ठिकाणचे येतात. पूर्ण पत्ता ठाऊक असायची गरज नाही, शेवटचा तुकडा पुरतो. ‘साइट:’पुढे ‘गव्ह डॉट इन’ टाकलं की केंद्र आणि राज्य मिळून सरकारी संकेतस्थळांचा मोठा भाग झाकला जातो. ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ टाकलं की फक्त राज्याची. ‘गव्ह’ म्हणजे इंग्रजी जी, ओ, व्ही ही तीनच अक्षरं. काही सरकारी पानं अजून ‘एनआयसी डॉट इन’वर आहेत, म्हणून पहिल्या फेरीत हाती काही लागलं नाही तर तेही घालून पाहा.

‘फाइलटाइप:’पुढे ‘पीडीएफ’ लिहिलं की फक्त पीडीएफ येतात. अर्जाचे नमुने, निविदा, परिपत्रकं, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका यांसाठी हाच रस्ता. ‘इनटायटल:’ने तो शब्द पानाच्या मथळ्यातच असावा अशी अट घालता येते. ‘आफ्टर:’ आणि ‘बिफोर:’ यांच्यापुढे वर्ष किंवा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लिहायची, मध्ये आडव्या रेघा.

अवतरण चिन्हांत घातलेला मजकूर जसाच्या तसा पानावर असला पाहिजे, अशी अट लागते. मराठीत ही आज्ञा जपून वापरावी लागते, आणि त्याचं कारण आपली विभक्ती. ‘सांगली’, ‘सांगलीत’, ‘सांगलीचा’, ‘सांगलीतील’ हे आपल्याला एकच, पण अवतरणात ते चार वेगळे शब्द. ‘सांगलीतील हळद बाजार’ असं अवतरणात कोंडलं तर ‘सांगली हळद बाजार’ लिहिलेलं पान गळून जाईल. म्हणून अवतरणात बदलत नाही तेवढंच घाला: योजनेचं अधिकृत नाव, कायद्याचं नाव, शासन निर्णयाचा क्रमांक. बाकीचे शब्द प्रत्यय काढून मूळ रूपात बाहेर ठेवा.

अवतरण न घालताही टाकलेलेच शब्द हवे असतील तर ‘टूल्स’मध्ये (ते कुठे असतं ते पुढे पावसाळ्याच्या भागात सांगितलं आहे) ‘सर्व निकाल’च्या जागी ‘व्हर्बेटिम’ निवडा. मग गूगल आपल्या मनाने समानार्थी शब्द घालत नाही आणि स्पेलिंग सुधारत नाही. आडनावं, गावठाणांची नावं, औषधांची आणि कीटकनाशकांची नावं शोधताना याचा फार उपयोग होतो.

शोध लांबलचक लिहूनही भागत नाही. बत्तीस शब्दांपुढचं गूगल विचारात घेत नाही, आणि मुळात पाच-सहा नेमके शब्द पुष्कळ झाले.

हळद

उत्तर लिहिणाऱ्याचे शब्द म्हणजे काय, हे हळदीच्या दरात चांगलं दिसतं. ‘आज हळदीला काय भाव’ असा शोध सगळ्या देशातली पानं आणतो. त्यांतली कितीतरी पानं दुसऱ्याच पानांवरून उचललेली असतात, तारीख नाही, प्रतवारी नाही. सांगलीच्या यार्डात हळदीचे ‘सौदे’ निघतात, मालाची ‘आवक’ सांगितली जाते, वाण ‘राजापुरी’ असतो. स्थानिक बातमी याच शब्दांत लिहिलेली असते. ‘सांगली राजापुरी हळद सौदे आवक’ असं टाका आणि ‘टूल्स’मधून वेळ मागच्या आठवड्यापुरती ठेवा.

आकड्यांचा तक्ता हवा असेल तर शब्द पुन्हा बदलतात. राज्य कृषी पणन मंडळाच्या तक्त्यात ‘किमान’, ‘कमाल’ आणि ‘सर्वसाधारण’ दर असतात. ॲगमार्कनेट या केंद्राच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावर त्याच सर्वसाधारण दराला इंग्रजीत ‘मोडल प्राइस’ म्हणतात. दर क्विंटलमागे असतो. हे तक्ते रोज बदलतात आणि बाजार समिती, शेतमाल, तारीख निवडल्यावर तयार होतात. गूगलच्या सूचीत ती रोजची ओळ असेलच असं नाही, म्हणून तक्त्याच्या पानापर्यंत पोचायला गूगल वापरा आणि आकडा तिथे उतरून बघा. निकालाखालच्या दोन ओळींत दिसणारा आकडा गूगलने ते पान शेवटचं वाचलं त्या दिवसाचा असतो. तो धरून सौदा करू नये.

पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये हे ज्ञान अक्षरशः जिवाचं ठरतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी कृष्णेने धोका पातळी मोठ्या फरकाने ओलांडली, आणि त्या दिवसांच्या बातम्या, फोटो, व्हिडिओ आजही गूगलमध्ये जागच्या जागी आहेत. तारखेची अट न घालता ‘आयर्विन पूल पाणी पातळी’ शोधणाऱ्याच्या पुढ्यात कुठल्या वर्षाचं पाणी येईल ते सांगता येत नाही.

म्हणून फोनवर निकाल आल्यावर वरची पट्टी डावीकडे सरकवत शेवटपर्यंत जा, ‘टूल्स’ दाबा, ‘कोणत्याही वेळी’च्या जागी ‘मागील एक तास’ किंवा ‘मागील २४ तास’ निवडा. संगणकावर ‘टूल्स’ त्याच पट्टीच्या उजव्या टोकाला असतं. एवढ्यावरही विसंबू नका. गूगल तारीख ठरवतं ती पानावरून, आणि जुना व्हिडिओ आज पुन्हा चढवला की त्याची तारीख आजची होते. बातमी उघडून मजकुरातला वार आणि वेळ वाचा. ‘सकाळी आठ वाजता’ असं म्हटलं असेल तर कुठल्या दिवशीच्या, ते नक्की करा.

कोयना धरणासाठी ‘पाणी सोडलं’ ऐवजी ‘विसर्ग’, ‘क्युसेक’, ‘वक्र दरवाजे’, ‘पायथा वीजगृह’ हे शब्द टाका. जलसंपदा विभागाचं निवेदन आणि त्यावरून लिहिलेली बातमी याच भाषेत असते. वाचतानाही हे शब्द उपयोगी पडतात. २,१०० क्युसेक म्हटलं असेल तर बहुधा पायथा वीजगृहाच्या दोन्ही युनिटचंच पाणी आहे, सहा वक्र दरवाजे बंद आहेत. साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत सांगतात, त्याची तुलना धरणाच्या १०५.२५ टीएमसी क्षमतेशी करायची. टीएमसी हा साठा आणि क्युसेक, म्हणजे सेकंदाला घनफूट, हा वेग. शोधात दोन्ही एकत्र टाकले की ज्या बातमीत पूर्ण हिशेब आहे ती वर येण्याची शक्यता वाढते.

सरकारी कागद, आणि दाराची खात्री

‘सातबारा’ शोधल्यावर वर ‘प्रायोजित’ लिहिलेले निकाल दिसले तर ते पैसे देऊन लावलेले आहेत हे ध्यानात ठेवा. त्याखाली ‘मोफत सातबारा असा काढा’ शिकवणारी खासगी पानं असतात. त्यांतली काही उपयोगी असतात, काही निव्वळ जाहिरातींसाठी लिहिलेली. मूळ दार महाभूमीचं, म्हणजे राज्य शासनाच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळाचं. विनास्वाक्षरीचा उतारा पाहायला पैसे लागत नाहीत, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांना मिळतो. यापेक्षा जास्त मागणारं पान दिसलं तर थांबा आणि पत्ता वाचा.

पत्ता वाचायची रीत अशी. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, त्यानंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेपाशी थांबा आणि तिथून मागे उजवीकडून डावीकडे वाचत जा. आधी ‘इन’, मग ‘गव्ह’, मग ‘महाभूमी’ असं आलं तर दार खरं. ‘महाभूमी’ आणि ‘गव्ह’ यांच्या मध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ असेल किंवा शेवट ‘डॉट कॉम’, ‘डॉट ऑर्ग’ असा असेल, तर नाव कितीही सरकारी वाटो, ते महाभूमीचं दार नाही. फोनवर पत्ता अर्धाच दिसतो. त्यावर बोट ठेवून पूर्ण उघडून बघा.

इथे गूगलची एक मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर उगाच तास जातात. जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक निवडून आणि कॅप्चा भरून जे पान तयार होतं ते गूगलच्या सूचीत नसतं. तुमच्या गटाचा उतारा, परीक्षेचा वैयक्तिक निकाल, मतदार यादीतली ओळ, वीजबिल यांतलं काहीच नाव टाकून गूगलवर सापडणार नाही. अशा वेळी वस्तू शोधायची नाही, तिच्या खिडकीचा पत्ता शोधायचा.

आणि कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. बँक, गॅस, कुरिअर, यूपीआय ॲप, कशाचाही नाही. फसवणूक करणारे नेमके याच शोधासाठी पानं बनवून ठेवतात, आणि नकाशावरच्या नोंदीत तर कोणीही बदल सुचवू शकतं. नंबर घ्यायचा तो पासबुकावरून, कार्डाच्या पाठीवरून, बिलावरून किंवा ॲपच्या आतून. विजेच्या तक्रारीला १९१२ आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते आणि थोपवणं अवघड होतं.

मराठी पीडीएफचं दुखणं

गूगल सर्चमधली मराठीची सगळ्यांत मोठी अडचण ही आहे, आणि दोष एकट्या गूगलचा नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरांची संकेतपद्धत, रुळण्याआधीचा मराठी मजकूर कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टांत टाइप झाला. तो डोळ्यांना मराठी दिसतो, पण फाइलच्या पोटात निरर्थक इंग्रजी अक्षरं असतात. तुम्ही ‘पाणीपट्टी’ शोधाल तेव्हा ते पान जुळणार नाही, कारण गूगलच्या लेखी त्यात ‘पाणीपट्टी’ नाहीच.

युनिकोडमध्ये केलेल्या शासन निर्णयांतही वेगळा बिघाड असतो. वर्डमधून पीडीएफ होताना जोडाक्षरं आणि वेलांट्या चुकीच्या जागी जातात. पीडीएफमधली ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, म्हणजे लगेच कळेल: ‘निर्णय’चं ‘ननणणय’ किंवा ‘वनणणय’, ‘क्रमांक’चं ‘क्रमाांक’ झालेलं दिसतं. गूगल वाचतं ते हेच. त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षर असलेले शब्द शोधात टाकले की नेमका तोच कागद निसटतो.

यावर उपाय आहेत. पहिला म्हणजे ज्यांत बिघडण्यासारखं काही नाही असे शब्द निवडा: ‘शासन’, ‘महसूल’, ‘अनुदान’, ‘शाळा’, ‘घरकुल’. दुसरा, इंग्रजी आकडे आणि इंग्रजी संक्षेप वापरा, ते सहसा शाबूत राहतात. तिसरा सगळ्यांत खात्रीचा. शासन निर्णयाच्या शेवटी एक लांब संकेतांक छापलेला असतो, सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस असा. कोणी व्हॉट्सॲपवर निर्णयाचा फोटो पाठवला असेल तर शेवटचं पान मागून घ्या आणि तो संकेतांक राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या पानावरच्या शोधात टाका. खरा असेल तर मूळ प्रत निघते. नाही निघाली तर विभाग आणि तारीख निवडून एकदा पाहा, तरीही नसेल तर तो कागद पुढे पाठवू नका.

चौथी युक्ती अनेकांना विचित्र वाटते, पण चालते: बिघडलेलाच शब्द शोधा. ‘क्रमाांक’ असा काना दोनदा आलेला शब्द कॉपी करून, त्यापुढे विषयाचा एखादा साधा शब्द आणि ‘साइट:’ची अट जोडली की कधीकधी एरवी न दिसणारे कागद वर येतात.

बिघाड नसलेल्या पानांवरही एकच शब्द दोन रीतींनी साठवलेला असतो. ‘शेतकऱ्यांना’मधला ऱ्य, ‘ॲप’मधला ॲ, हे जुन्या आणि नव्या कीबोर्डवर वेगवेगळ्या संकेतांनी बनतात. दिसायला सारखे, आतून भिन्न. गूगल बऱ्याचदा सांभाळून घेतं, पण अवतरणात घातल्यावर भरवसा नाही. ‘शेतकऱ्यांना’ऐवजी ‘शेतकरी’ शोधा, प्रश्नच येत नाही.

तेच सातबाऱ्याचं. ‘सातबारा’, ‘सात बारा’, ‘७/१२’, इंग्रजी आकड्यांत आणि इंग्रजी अक्षरांत, इतक्या तऱ्हांनी लोक लिहितात. पहिल्या दोन तऱ्हांनी नाही मिळालं तर माहितीच नाही असं समजू नये. आणि पान उघडल्यावर पूर्ण वाचत बसू नका. संगणकावर कंट्रोल आणि एफ, फोनवर ब्राउझरच्या तीन टिंबांमध्ये ‘पानावर शोधा’. चाळीस पानी पीडीएफमध्येही गावाचं नाव क्षणात सापडतं, मजकूर शाबूत असेल तर.

वरचा तयार सारांश

ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल निकालांच्या वर एआयने बनवलेला सारांश दाखवू लागलं. सामान्य ज्ञानासाठी तो बरा आहे. जमिनीचे कायदे, योजनांचे निकष, औषधांचं प्रमाण यांसाठी त्यावर विसंबू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तुकडेबंदीचंच, म्हणजे शेतजमिनीचे ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यावरच्या बंदीचंच घ्या. २०२३ मध्ये जिरायतासाठी २० गुंठे आणि बागायतासाठी १० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र आलं, २०२५ मध्ये पुन्हा बदल झाले. जुनी आणि नवी पानं एकत्र घोटून केलेला सारांश वाचायला सुबक असतो आणि व्यवहारात घात करतो. त्याच्या बाजूच्या दुव्यांवर जाऊन तारीख बघा, किंवा वरच्या पट्टीत ‘वेब’ निवडा. पट्टीत दिसत नसेल तर ‘आणखी’खाली असतं. मग सारांश नाही, व्हिडिओंची रांग नाही, फक्त पानांचे दुवे. शेती, महसूल आणि आरोग्य यांचे शोध आम्ही ‘वेब’मध्येच करायला सांगू.

जुना जिल्हा, जुनी स्पेलिंगं

इतिहास शोधणाऱ्यांसाठी आपला भाग श्रीमंत आहे, पण नावं बदललेली आहेत. सांगली हा जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्याआधी तासगाव, वाळवा, खानापूर सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली, मिरज, जत ही संस्थानं. म्हणून प्रतिसरकारच्या काळातले कागद ‘सांगली’ टाकून शोधणं व्यर्थ, ते ‘सातारा’खाली आहेत. पन्नाशीच्या दशकातल्या नोंदींना ‘दक्षिण सातारा’ हेच शब्द हवेत.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत साताऱ्याच्या स्पेलिंगात टी दोनदा येतो, मिरजेचं ‘मेरिच’ होतं, वाईचं स्पेलिंग डब्ल्यू-वाय-ई असंही सापडतं आणि कृष्णेचं ‘किस्तना’. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा साताऱ्याचा खंड १८८५ चा, एकोणिसावा. तो आणि त्या काळची पुस्तकं इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहात पाहायची असतील तर गूगलपेक्षा तिथल्या शोधात ‘मजकुरात शोधा’ हा पर्याय निवडणं बरं. स्कॅनवरून यंत्राने वाचलेला मजकूर असतो, अक्षरं चुकलेली असतात, म्हणून दोन-तीन स्पेलिंगं आलटून पालटून द्या. मराठी विषयाची भक्कम ओळख हवी असेल तर कोणत्याही शोधामागे ‘मराठी विश्वकोश’ जोडून बघा. वाईत घडलेलं हे काम आता पूर्ण ऑनलाइन वाचता येतं, आणि निकालांत मागे पडतं म्हणून कितीजणांच्या नजरेलाच पडत नाही, याचं वाईट वाटतं.

दुसरी सर्च

बिंगवर ‘साइट’ आणि ‘फाइलटाइप’ चालतात. गूगलने अडलं तर दुसरं मत म्हणून चांगलं, पण स्थानिक मराठीत तोकडं पडतं. डकडकगो तुमच्या शोधांचा माग ठेवत नाही, आजारपण किंवा कोर्टकचेरीविषयी शोधताना याला किंमत आहे. त्याचे बरेचसे निकाल बिंगकडून येतात, त्यामुळे मराठीतला तोकडेपणाही सोबत येतो. उडालेलं पान बघायला गूगलची साठवलेली प्रत २०२४ पासून मिळत नाही. पानाचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्याच वेबॅक मशीनमध्ये टाका, जुनी प्रत असेल तर तारखेसह मिळते.

काहीच न सापडल्यास हा क्रम धरा. आधी अवतरण काढा. मग सर्वांत लांब शब्द काढा. मग प्रत्यय काढून मूळ शब्द ठेवा. मग तेच इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, आणि शेवटी अस्सल इंग्रजीत. तारीख आणि ‘साइट:’ची अट सगळ्यांत शेवटी सोडा, कारण त्या सुटल्या की कचरा लोंढ्याने येतो. एवढं करूनही नाही मिळालं, आणि विषय जुन्या फेरफाराचा किंवा मोजणीच्या नकाशाचा असेल, तर शोध तिथेच थांबवा. फेरफारासाठी तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष, मोजणीसाठी भूमी अभिलेखचं तालुका कार्यालय. जाताना गट क्रमांकाबरोबर जुना सर्व्हे क्रमांकही लिहून न्या. जुन्या दप्तरात नोंद त्याच क्रमांकावर असते.